वाघाची छत्री, भेकाचं इरलं

ताडोबातली वाघीण चांदोलीत आणून सोडली तेव्हापासून आमच्या बाजूला एक वाद सारखा कानावर पडतो. एक पक्ष विचारतो, एका वाघिणीला बेशुद्ध करून, गाडीत घालून राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आणायला जो खर्च होतो, त्यात सह्याद्रीतल्या किती बेडकांचं भलं झालं असतं? दुसरा पक्ष म्हणतो, वाघ वाचला की त्याच्याखालचं सगळं आपोआप वाचतं, बेडकांची वेगळी काळजी कशाला? कोल्हापुरात एका व्याख्यानानंतर हीच जुगलबंदी मी पाऊण तास ऐकली. हातातला चहा गार झाला, वाद काही निवला नाही. दोन्हीकडची माणसं वाचणारी, जंगलात फिरणारी, मनापासून बोलणारी. पण बोलत अशी होती की जणू वाघ आणि बेडूक एकाच वॉर्डातून उभे आहेत आणि शिक्का एकावरच मारायचा आहे.

माझं मत आधीच सांगतो. वाघासाठी जो पैसा जातो त्यातला एक रुपयाही कमी करू नये. आणि वाघ वाचला की बेडूक वाचतो हे वाक्य मात्र आता बंद करावं. दोघांवरचं संकट सारखं नाही, दोघांची गरज सारखी नाही, आणि ज्या चुकीची दुरुस्ती वाघाच्या बाबतीत होऊ शकते ती बेडकाच्या बाबतीत होत नाही. तराजू एक धरला की एवढं सगळं नजरेआड होतं, म्हणून हा वाद चुकीचा चाललाय.

'बेडूक' असं मोघम बोलून उपयोग नाही, तेव्हा एकच धरू. आंबोलीत एक भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, आहे. २००९ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं: झँथोफ्रायनी टायगेरिना. झँथो म्हणजे पिवळा, फ्रायनी म्हणजे भेक, आणि टायगेरिना म्हणजे वाघासारखा. दोन्ही कुशींवर पिवळेधमक पट्टे असतात त्याच्या, म्हणून हे नाव. आंबोली आणि लगतचा परिसर सोडला तर जगात कुठेही त्याची नोंद नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत वाघ 'संकटग्रस्त' आहे आणि हा वाघाच्या नावाचा भेक त्याच्या एक पायरी पुढे, 'अतिसंकटग्रस्त'. त्याला एकच सख्खं भावंड आहे, कोयनेचा भेक. कोयना धरणाचं काम चालू होतं त्याच सुमारास, १९६३ साली, त्याचं पहिलं वर्णन झालं. या वंशात या दोनच जाती. दोन्ही महाराष्ट्रातल्या, एकमेकींपासून सरळ रेषेत दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. वाघाच्या वंशात सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या धरून पाच जण आहेत आणि ते चार खंडांत पसरलेले आहेत.

पहिल्यांदा हा भेक मी पाहिला तो जूनमधल्या एका संध्याकाळी, पाऊस लागून चार दिवस झाले होते तेव्हा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, टॉर्चचा उजेड टाकला तर आधी नुसता काळा ओला कातळ दिसला. मग कातळातल्या एका वितभर खोल खळग्यात काहीतरी हललं. अंगठ्याएवढा जीव. पाठ जांभ्याच्याच रंगाची, खरबरीत, त्यामुळे हलला नसता तर दगडच समजलो असतो. कुशीवर मात्र पिवळे पट्टे, कोणी लहान मुलाने ब्रशने ओढल्यासारखे. अशा उथळ डबक्यांत त्याची अंडी, त्यातच बेडूकमाशे, आणि ते डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत. मध्ये आठ दिवस पावसाने ओढ दिली की खळगा कोरडा, खेळ खलास. परतताना घाटरस्त्याला लागलो तर टायरखाली आलेले काही तसेच चिकटलेले होते. कुठल्या जातीचे ते ओळखू येण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पाचशे मीटरवर धबधब्यापाशी गाड्यांची रांग होती आणि मक्याच्या कणसांचा धूर.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, आणि तेही त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात. वाघाला छत्री म्हणतात ते उगीच नाही. वाघाला शेकडो चौरस किलोमीटर लागतात, त्यात सांबर-गवा लागतो, त्यांना चारा लागतो, पाणी लागतं. वाघासाठी एवढं राखलं की त्याखाली हजारो जाती फुकटात राखल्या जातात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून चार जिल्ह्यांत पसरलेलं अकराशेहून जास्त चौरस किलोमीटरचं रान. कोयनेचा भेक या टापूतला. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, त्याचं चित्र कोणी टी-शर्टवर छापलं नाही, तरी त्याच्या डोक्यावर वाघाची छत्री आहे. खाली दक्षिणेकडे बघा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडून रबर आणि अननस लावण्याची लाट आली तेव्हा ती अडवताना सगळ्यात जास्त कामाला आला तो वाघांचा भ्रमणमार्ग. उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातली पंचवीस गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करायला सांगितली. आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्र झालं त्यामागेही हाच मार्ग होता. न्यायालयात उभं राहून 'इथे एक अंगठ्याएवढा भेक आहे' असं म्हटलं असतं तर? केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण थांबलं ते सिंहपुच्छ वानरामुळे. त्या जंगलात बेडूकही भरपूर आहेत, पण त्या काळी त्यांच्या नावावर कविता कोणी केली नसती.

हे सगळं खरं आहे आणि मी ते मान्य करतो. कोयनेच्या भेकाला वाघाचा फायदा झाला. पण मग त्याच्या सख्ख्या भावंडाचं काय, ज्याच्या नावातच वाघ आहे?

छत्रीला भोकं आहेत, आणि ती नेमकी बेडकांच्या डोक्यावर आहेत. वाघाला झाडोरा लागतो, म्हणून वाघासाठी जी जमीन राखली जाते ती जंगलाची. हा भेक वाढतो तो उघड्या कातळावर, सड्यावर. सडा म्हणजे जंगल नव्हे, शेत नव्हे, कुरणही धड नव्हे. उन्हाळ्यात तिथे चप्पल काढून उभं राहता येत नाही आणि पावसाळ्यात महिन्याभरात तिथे गालिचा अंथरला जातो. महसुली दप्तरात या जमिनीला एक शब्द आहे, 'पोटखराबा'. लागवडीला नालायक, म्हणून आकारणी नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशा जागा 'खडकाळ, ओसाड' म्हणून रंगवलेल्या असतात. ज्या जमिनीला सरकारच खराब म्हणतं, तिथे काही बिघडलं तर बिघडलं असं वाटणार कोणाला? मग तिथे चिऱ्याची खाण निघते, कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर बॉक्साइटसाठी माथेच्या माथे खरवडले जातात, कुठे प्लॉट पडतात, कुठे पर्यटकांच्या गाड्यांसाठी सपाटीकरण होतं. वाघाला यातलं काही फारसं बाधत नाही. तो रात्री त्या सड्यावरून चालत पलीकडच्या रानात जातो. छायाचित्रात वाघ येतो, अहवालात भ्रमणमार्ग शाबूत असल्याची नोंद होते, आणि सड्यावरचा खळगा बुजलेला असतो. आणि दोष वाघाचा धरायचा का? तो बिचारा त्याचं काम करतो. चूक आपली, त्याच्या छत्रीत सगळं गाव बसतंय असं धरून चालण्याची.

कोकणातल्या माणसाला हे सांगायला लागू नये. पावसात बाजाराला जाताना छत्री ठीक आहे, पण वाकून लावणी करताना छत्रीचा काय उपयोग? तिथे इरलं लागतं, पाठीला बसणारं, त्या कामापुरतं, त्या माणसापुरतं. भेकाला इरलं हवं आहे.

आणि छत्री अगदी डोक्यावर असली तरी सगळं निभावतं असंही नाही. कोस्टा रिकात माँटेव्हर्दे नावाचं धुक्यातलं जंगल आहे. तिथला सोनेरी भेक त्याच्या भगव्या-केशरी रंगामुळे त्या देशाची शान होता. जंगल राखीव, कुऱ्हाड लागलेली नाही, जॅग्वार आणि प्यूमाचा मुलूख. १९८७ साली त्या भेकांची पंधराशेच्या आसपास जत्रा भरलेली अभ्यासकांनी पाहिली. १९८९ मध्ये एक नर दिसला. त्यानंतर आजतागायत एकही नाही. धुकं वर सरकलं, कोरडे दिवस वाढले, आणि त्याच काळात बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग जगभर पसरत होता, ज्याचं नाव शास्त्राला दहा वर्षांनी कळलं. ही बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडली आहे. इथे अजून त्यांची सामूहिक मरतूक दिसलेली नाही, हे नशीब. मुद्दा असा की शिकारी आणि कुऱ्हाड रोखायला वनरक्षक पुरतो, पावसाचं वेळापत्रक आणि बुरशी रोखायला पुरत नाही. २०२३ साली जगातल्या उभयचरांचा जो आढावा निघाला त्यात शंभरांतल्या एकेचाळीस जातींवर नामशेष होण्याचं सावट आहे. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण सत्तावीसच्या आसपास. सस्तनांसाठी जे कुंपण घातलं ते बेडकांना पुरलं नाही, एवढं तरी या आकड्यांवरून म्हणता येतं.

आता ज्या मुद्द्याकडे या वादात कोणी वळत नाही तो. सह्याद्री प्रकल्पात अलीकडेपर्यंत काही फिरस्ते नर होते, मादी नव्हती. म्हणजे प्रजननाच्या दृष्टीने वाघ संपल्यातच जमा. मग काय केलं? २०२५च्या नोव्हेंबरात ताडोबातून वाघीण आणली. ताडोबा-पेंचमधून मिळून आठ आणायचं ठरलं. राजस्थानातल्या सरिस्कात २००४-०५ साली एकही वाघ उरला नव्हता, शिकाऱ्यांनी साफ केला होता. देशभर नाचक्की झाली, पंतप्रधानांनी लक्ष घातलं, कृती दल बसलं, व्याघ्र संवर्धन प्राधिकरण जन्माला आलं, आणि २००८ मध्ये रणथंबोरमधून वाघ नेऊन सोडले. मध्य प्रदेशातल्या पन्नातही तेच घडलं. वाघ एका जागेवरून गेला तर दुसरीकडून आणता येतो, कारण दुसरीकडे तो आहे. १९७२च्या मोजणीत देशात १८२७ वाघ निघाले होते, २०२२च्या अंदाजात सरासरी ३६८२. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत म्हणून या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करू नये, पण खजिना भरलेला आहे हे दिसतं. आंबोलीचा भेक आंबोलीतून गेला तर कुठून आणणार? ताडोबातून?

टांझानियातल्या किहान्सी घळीत धबधब्याच्या तुषारांवर जगणारा एक इवलासा भेक १९९६ मध्ये सापडला. त्याचं सगळं राज्य जेमतेम दोन हेक्टरांचं. धबधब्याचं पाणी वीज प्रकल्पाकडे वळवलं आणि तुषार थांबले. मग धावपळ. पाचशेच्या आसपास भेक विमानाने अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले, घळीत कृत्रिम तुषारांसाठी फवारे बसवले. २००९ साली तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०१२ पासून परदेशात वाढलेले भेक परत आणून सोडायला सुरुवात झाली. दोन हेक्टर आधी राखणं स्वस्त होतं की नंतर न्यूयॉर्कची विमानं? आणि हे तरी जमलं, कारण तो भेक संपण्याआधी कोणीतरी पाहून ठेवला होता. सरिस्काचा बोभाटा झाला तो वाघ दिसेनासे झाले हे लोकांच्या लक्षात आलं म्हणून. पायाच्या ठशांवरून होणारी ती जुनी मोजणी कितीही सदोष असो, मोजणी होती, मोजणाऱ्याला पगार होता, आकडा खोटा निघाला की पेपरात बातमी होती. बेडकांचं सरिस्का झालं तर कळणार कोणाला? जून संपेल, जुलै संपेल, धबधब्यावरची गर्दी तशीच असेल.

पैशाचा आक्षेप राहिला. पश्चिम घाटात उभयचरांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि नव्या सापडतच आहेत. प्रत्येकीसाठी प्रकल्प, प्रत्येकीसाठी संचालक आणि जीप कुठून आणायची? हा आक्षेप रास्त वाटतो, पण तो वाघाचं माप बेडकाला लावून केलेला आहे. वाघाचं रक्षण महाग आहे कारण वाघ मोठ्या जागेत राहतो, त्याच्या कातडीला बाजार आहे, तो गुरं मारतो आणि माणसंही मारतो. चंद्रपुरात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला गेलेली माणसं दरवर्षी जीव गमावतात. वाघ वाचवण्याची खरी किंमत ती आहे, आणि ती मोजणारे पुण्या-मुंबईचे सफारीवाले नाहीत. बेडूक कोणाचं वासरू नेत नाही. त्याला भरपाई नको, सशस्त्र दल नको, रेडिओ कॉलर नको. त्याला सड्याचे काही तुकडे जसेच्या तसे हवे आहेत, पावसाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत रस्त्याच्या ठराविक टप्प्यांवर रात्रीची वाहतूक सावकाश हवी आहे, आणि दरवर्षी त्याच खळग्यांपाशी जाऊन नोंद करणारी दोन माणसं हवी आहेत. वाघाच्या ताटातलं काढून बेडकाला द्या म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच विचारतो, बेडूक इतकं खातो तरी का?

बेडकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक सवय मला खटकते. 'बेडूक नसतील तर डास वाढतील, कीड वाढेल, शेती बुडेल.' हा युक्तिवाद एके काळी खरंच कामाला आला. ऐंशीच्या दशकापर्यंत आपण वर्षाला हजारो टन बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेला पाठवत होतो. भातखाचरातला मोठा बेडूक, त्याच्याही शास्त्रीय नावात वाघ आहे हा योगायोग पाहा, पोत्यांनी पकडला जायचा. बेडूक कीड खातो, तो विकून आपण कीटकनाशकं विकत घेतोय, हे लोकांना पटलं आणि १९८७ साली निर्यात बंद झाली. पण तो बेडूक गावोगाव होता, शेतात होता, म्हणून हिशेब बसला. (गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून तो अजूनही चोरून ताटात येतो, ते वेगळं.) आंबोलीचा भेक उद्या गेला तर कोणाच्या भाताला फरक पडणार नाही. हे कबूल करायला आपण का घाबरतो? खोट्या उपयोगावर उभं केलेलं समर्थन पहिल्याच उलटतपासणीत कोसळतं. तसं पाहिलं तर सह्याद्रीत इतकी वर्षं वाघीण नव्हती म्हणून साताऱ्याचं काय अडलं? वाघ राखतो तो उपयोगाच्या पावतीवर नाही. मग पावती फक्त बेडकाकडेच का मागायची?

यावर शेवटचं अस्त्र निघतं ते जिव्हाळ्याचं. लोकांना वाघ आवडतो, बेडूक आवडत नाही, लोकशाहीत लोकांचं ऐकावं लागतं. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तरी आपण वाघोबाच म्हणतो. वाघबारस पाळतो, वेशीवर त्याचा दगड शेंदराने रंगवतो. आणि ज्याला काही कळत नाही तो कूपमंडूक. पण हा जिव्हाळा सनातन आहे असं मानणाऱ्यांनी थोडं मागे जावं. इंग्रजी अमलात वाघ मारणाऱ्याला सरकारी बक्षीस होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे. संस्थानिकांनी वाघावर पाय ठेवून फोटो काढले आणि ते दिवाणखान्यात लावले. तो दिवाणखाना बदलला तो १९७२चा कायदा आणि १९७३चा व्याघ्र प्रकल्प आला त्यानंतर. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपला मेळघाट होता. उपद्रवी जनावराचा राष्ट्रीय प्राणी झाला तो ठरवून, शाळेच्या पुस्तकांतून, तिकिटांतून, पन्नास वर्षं चिकाटीने. बेडकाच्या बाबतीत तर सुरुवात शून्यापासूनही नाही. ऋग्वेदात बेडकांचं एक अख्खं सूक्त आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओरडणारे बेडूक म्हणजे व्रत सोडून बोलू लागलेले ब्राह्मण, असं तो कवी म्हणतो. पावसाने पाठ फिरवली की आपल्याकडे कडुलिंबाचा पाला बांधलेला धोंडी दारोदार फिरतो, मुसळाला बेडूक टांगून, 'धोंडी धोंडी पाणी दे'. बेडकाच्या जिवाला त्यात त्रासच, पण पाऊस आणि बेडूक यांचं नातं गावाला माहीत होतं एवढं खरं.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र व्याख्यानाला आलेल्या कोणाचाच नव्हता. तो मला आंबोलीतच भेटला. सड्यावर टॉर्च घेऊन वाकलेला मी, आणि गुरं बांधून परतणारे एक वयस्क गावकरी. काय शोधताय विचारलं, मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाघ इलो म्हणून जमनीवर शिक्को मारल्यानी. आता बेडूक इलो म्हणून मारतले. मगे आमी खंय जावचा?" याला उत्तर देताना जीभ जड होते. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार-गावकर जमिनींचा प्रश्न माहीत असलेल्याला तर जास्तच. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर नाव कोणाचं, सरकारचं की गावाचं, यासाठी या गावांनी किती वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. त्यांच्यापुढे पुन्हा एक 'राखीव'चा फलक नेऊन ठोकला, तर त्या रात्री सड्यावर जेसीबी फिरेल, आणि मला त्याचं आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून इरलं गावानेच विणायला हवं. त्याचा नमुना आंबोलीतच आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचं देऊळ आहे, तिथल्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली आणि पुढच्याच वर्षी देवळाभोवतालचं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. शोध लावणाऱ्यांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव होते, हेही जमेस धरावं. प्रत्येक माशाचं नशीब तेवढं बलवत्तर नसतं. तरी कायदा सगळ्यांसाठी तोच आहे, २००२ चा जैवविविधता कायदा, कलम ३७. याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली रानजायफळाची राई, अडीच हेक्टरांची, अशीच राखली गेली. या तरतुदीत मालकी बदलत नाही. गावाने स्वतःहून मान्य केलेल्या बंधनांपलीकडे तिथल्या चालीरीतींवर बंदी येत नाही. वाघासाठी दोन-अडीच हेक्टर म्हणजे चेष्टा आहे. या भेकासाठी असे पाच-सात तुकडे म्हणजे राज्य आहे.

गावाला यातून मिळणार काय, हेही विचारायला हवं. आज पावसाळ्यात आंबोलीत कॅमेरेवाले येतात, घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना चार पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. त्यांतले काही जण चांगल्या फोटोसाठी बेडूक उचलून पानावर ठेवतात, त्यावर फवारणीच्या बाटलीने पाणी मारतात. जिप्सीतून वाघावर ओरडणाऱ्यापेक्षा हे वेगळं कसं? तिथे निदान सोबत गाइड असतो आणि गाडीतून उतरायला मनाई असते. सड्यावर कोण कुठे पाय ठेवतो हे विचारणारं कोणी नाही, आणि खळग्यातली अंडी रात्री टॉर्चच्या उजेडातही सहज दिसत नाहीत. ही माणसं गावातल्याच वाटाड्यांबरोबर, गावाने ठरवलेल्या वाटेने, गावाला पैसे देऊन गेली तर सड्याला भाव येईल, आणि पोटखराब्यातून पैसा येतो हे कळलं की त्याला खराब म्हणणारे आपसूक कमी होतील.

हे सगळं मी त्या काकांना त्या रात्री, पावसात, तुकड्यातुकड्याने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सातबारा त्यांना तोंडपाठ होता. क्षेत्र किती, पोटखराबा किती, गुंठ्यांसकट. माझं बोलून झाल्यावर टॉर्च माझ्या हातातून घेऊन त्यांनी खळग्यावर धरला, पट्टे नीट पाहिले आणि हसले.

"मगे सातबाऱ्यावर इतर हक्कात आता बेडकाचा नाव घालतलात काय?"